आतून लावलेली कडी

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज परत सुरू. दुसरी फेरी. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी, मग परत. दोन वेळा, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. तोडायची नाही, कुटायची नाही, चघळायची नाही. चुकली तर चुकली, पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही. दुसऱ्या कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही. न विचारता दुसरं कसलंच औषध नाही. नर्सबाईंनी हे सगळं माझ्याकडून म्हणून घेतलं, शाळेत पाढे घेतात तसं. शाळेत मला बाराच्या पुढे पाढे आले नाहीत. हे आले.

त्या म्हणाल्या, काय काय होतं ते रोज लिहीत जा, मला दाखवा. लिहिते. पण दाखवायला नाही. त्यांना सांगायचं ते वेगळं.

गाठ काढली, तिच्याबरोबर छाती पण गेली. तरी आत कुठे कण राहिला असला तर तो मरावा म्हणून या गोळ्या. लांबट, फिकट गुलाबी. माझी ठकी म्हणते, मला पण गुलाबी दे. चार वर्षांची आहे, तिला काय कळतं. डबी कपाटाच्या डोक्यावर, पार मागे. तिथे माझाच हात कसाबसा पोचतो.

आज दवाखान्यात टोपीवाली नव्हती. दर खेपेला माझ्या शेजारच्या खुर्चीत असायची, स्वतः विणलेली पिवळी टोपी घालून. मागच्या वेळी म्हणाली, "माझ्या गोळ्या बंद केल्या गं. फार त्रास व्हायला लागला, सांगितलं, तर बंदच केल्या." आणि आज खुर्ची रिकामी.

मी काही विचारलं नाही. काय विचारायचं?

२५ फेब्रुवारी

तोंडाला लोखंडाची चव. खिळा चोखल्यासारखी. पहिल्या फेरीत नव्हती. चव बदलते, नर्सबाई म्हणाल्या होत्या. तर ही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हात लाल झालेत. तळवे. तळपाय पण, उन्हात अनवाणी चालल्यासारखे. गरम पाणी नको, घासाघीस नको, मलम लाव, असं सांगितलंय. आणि माझं काम काय, तर लाँड्री. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल. रोलरमधून चादर येते ती तव्यावरून उतरवल्यासारखी. एका टोकाला मी, दुसऱ्याला लांबडी. ती उंच, म्हणून लांबडी. धर, झटक, दुमड, पुढची. ती म्हणाली, "काय गं, चादर धरतेस का विंचू?"

"झोप नाही झाली," म्हटलं.

लाँड्रीत मी अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगितलंय. खरं सांगितलं तर मुकादम म्हणेल, बरी होऊन ये बाई, घाई नाही. आणि मी बरी होईपर्यंत माझ्या जागी दुसरी उभी. मला माहीत आहे. मीच एकीच्या जागी उभी राहिले होते.

हे सांगू कुणाला? नवऱ्याला सांगावं तर ते सकाळी सामानाची गाडी घेऊन जातात ते अंधार पडल्यावर येतात, आणि आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मी हसते. मग ते जेवतात.

२ मार्च, रविवार

गोळी पडली. बोटांना कळेनासं झालंय काय धरलंय ते. पट्टीतून काढली, बोटांत आहे असं वाटलं, आणि नव्हतीच. टुक् करून आवाज आला आणि गेली कुठेतरी. आणि खोलीत ठकी, खाली बसून खेळतेय.

मी तिचं तोंड उघडून आत बोट घातलं. ती रडायला लागली. मी पण. सासूबाई आतून आल्या, "काय झालं, कोण मेलं?" म्हणत. मी सांगितल्यावर लगेच जमिनीवर आडव्या झाल्या आणि बॅटरी घेऊन पलंगाखाली बघायला लागल्या. डाव्या कुशीवर वळायला जमेना त्यांना, उजवीकडूनच सरपटत गेल्या. या वयात.

सापडली कुठे, तर बाहुलीच्या बुटात. "बाळाला ताप आलाय," ठकी म्हणाली. "तिला गुलाबी देणार होते."

तोंडात नव्हती घातली. बाहुलीचं तोंड उघडत नाही म्हणून. त्या बाहुलीचं भलं होवो.

सासूबाईंनी हाताला प्लास्टिकची पिशवी घालून गोळी उचलली. "ही कचऱ्यात नाही टाकायची. परत द्यायची असते ना त्यांना?" मी बघतच राहिले. म्हणाल्या, "तू पाठ म्हणत होतीस, मी काय बहिरी आहे?" मग ठकीचे हात साबणाने धुतले, दोनदा. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुझ्या हाताला काय लोणी लावलंय? चार वर्षांची पोर आहे घरात."

बरोबर बोलल्या. पण बोलल्याच.

५ मार्च, बुधवार

पोट बिघडलं. कालपासून. आमच्या मजल्यावर तीन घरांत मिळून एक संडास, जिन्याच्या कोपऱ्यात. आत बसलं की बाहेर कुणीतरी उभं. शेजारचे आजोबा दारावर काठी वाजवतात. "आत कोण आहे? का कुणीच नाही?" आहे हो, आजोबा. अजून आहे.

लाँड्रीत त्याहून वाईट. जायचं तर मुकादमाला विचारून जायचं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो, तोंडाने काही म्हणत नाही. लांबडी एकटी चादर ओढत राहते.

नर्सबाईंनी सांगितलंय, नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झालं की लगेच फोन. तोंड येऊन जेवण जाईना, तरी फोन. ताप, तरी फोन. म्हणून मी मोजत नाही. मोजलं तर फोन करावा लागेल. फोन केला तर गोळ्या बंद. गोळ्या बंद झालेल्या बाईची खुर्ची मी पाहिली आहे.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आडात पाणी किती ते तरी माहीत असतं.

रंग काळा आहे. डांबरासारखा. हे लिहायला नको होतं.

७ मार्च, शुक्रवार

आज यंत्राने मला ओळखलं नाही.

लाँड्रीच्या दाराशी अंगठ्याचं यंत्र आहे. अंगठा लावला की हिरवा दिवा, हजेरी लागली. आज लाल. परत लावला, लाल. आतून बाईचा आवाज येतो, "पुन्हा प्रयत्न करा." मी पुसून लावला, फुंकर मारून लावला. मागे रांग. लांबडी म्हणाली, "ही बाई एवढं गोड बोलून माणसाला घरी पाठवते."

मुकादमाने माझा अंगठा धरून उजेडात बघितला. सोललाय. रेघाच नाहीत. गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा.

"काय केलंस हे? भांडी घासतेस का हातोडे?"

"ॲलर्जी आहे, साबणाची."

"आज लिहून घेतो. पण रोज नाही. तू आलीस की नाही हे यंत्र ठरवतं, मी नाही."

म्हणजे मी समोर उभी, तरी आले नाही. घरी येऊन आरशात बघितलं. आहे की.

८ मार्च

दूध. रोज संध्याकाळी सासूबाई दूध देतात, चॉकलेटची पावडर घालून, आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहतात. जेलर उभा राहतो तशा. खिळ्याची चव दुधात सगळ्यात जास्त लागते. तोंडात फोड आलेत, झोंबतं. पण त्या म्हणतात, "ओतायला आणलं नाहीये मी." नाक दाबून पिते.

या घरात काही वाया जात नाही. रबरबँड, बटणं, सुतळी, उरलेलं मलम, पाहुण्यांच्या आजारपणातल्या गोळ्या, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. "लागतं कधीतरी." मला वाटतं मलाही त्यांनी असंच ठेवलंय.

हे वाईट लिहिलं. राहू दे.

१० मार्च, सोमवार

सुट्टीचे सात दिवस सुरू. पोट जरा शांत. रंग मात्र तसाच. गोळी बंद, तरी तसाच. मग हे गोळीचं नाही. मग आतलं आहे.

१३ मार्च, गुरुवार

नर्सबाईंचा फोन. त्यांचा आवाज असा आहे की खरं सांगावंसं वाटतं, म्हणून मी उभी राहून बोलले.

"पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"तोंड? हात?"

"बरे आहेत."

"काही वेगळं?"

ठकी तेव्हाच मांडीवर चढायला लागली. तिचे केस माझ्या हनुवटीखाली आले. शाम्पूचा वास. मी म्हटलं, "नाही, काही नाही."

"तुमच्यासारख्या सगळ्या असत्या तर मला कामच उरलं नसतं," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. मी काही बोलते का म्हणून थांबल्या. मी ठकीला म्हटलं, चल, आंघोळ करायची.

१७ मार्च, सोमवार

तिसरी फेरी. डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, दुसरे कोणीतरी होते, तरुण. सुट्टीत हात जरा निवळले होते तरी त्यांनी उलटून बघितले. "लाल आहेत थोडे."

"लाँड्रीत आहे ना मी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असंच असेल. पण निभलं. वजन कमी झालंय म्हणाले. सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी मध्येच विचारलं, "सुरुवातीला दुखते का हो गाठ? का न दुखताच वाढते?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, यांची तर काढली आता."

"हो, ते खरंच." पण घरी येताना बसमध्ये मला परत तेच. तुला हाताला काय लागलं होतं, टणक का मऊ, हलायची का. ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, आता कशाला उकरायचं? मी खिडकीकडे तोंड केलं.

पिवळी टोपी आजही नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार

यंत्राने चारही दिवस नाकारलं. मुकादमाने आज लिहून घेतलं नाही. काम दिवसभर केलं आणि कागदावर मी नव्हते. लांबडीने माझ्या वाट्याच्या ओल्या चादरी ओढल्या. विचारलं काही नाही. जाताना तिचे रबराचे हातमोजे माझ्या पिशवीत टाकले. तिला कळलंय काहीतरी.

घरी जिन्यात थांबले, पाय पेटले होते. आतून सासूबाईंचा आवाज, आज लवकर आलेल्या ह्यांना सांगत होत्या, "सगळं माझ्या भरवशावर ठेवू नकोस. मी काय जन्माला पुरणार आहे का? शिक जरा स्वयंपाक, पोरीचे केस विंचरायला शीक."

कळलं. कंटाळल्या. कोण नाही कंटाळणार? घरात हा एवढा उकाडा, त्या दिवसभर तो जाड स्वेटर घालून वावरतात, माझं करतात, ठकीला एकाच कडेवर घेऊन फिरतात, आणि मी पडून.

वर जाऊन दूध प्यायले. सगळं.

२५ मार्च

उठवत नाही. आज कामाला गेले नाही. फोन केला नाही, ना लाँड्रीत, ना दवाखान्यात. ठकीने बाहुली माझ्या शेजारी झोपवली आणि दोघींना पांघरूण घातलं.

२९ मार्च, शनिवार

आज घरी आले. गुरुवारचं लिहायचंय. सुचेल तसं लिहिते.

गुरुवारी सकाळी संडासात गेले आणि बाहेर यायला जमेना. आतली कडी घट्ट आहे, वर उचलून ओढावी लागते. बोटांनी धरायला गेले तर कातडं सरकलं, कडी नाही. रक्त आलं. मनगटाने करून बघितलं. डोकं गरगरायला लागलं, भिंतीला टेकून खाली बसले. जागा एवढीशी, गुडघे दाराला लागलेले. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या फरशीची एक रेघ दिसत होती, बाकी काही नाही. मला वाटलं, हे बरंय. इथेच संपलं तर कुणाला काही सांगावं लागणार नाही.

मग रेघेवर सासूबाईंचे पाय आले.

"झालं का?"

"कडी निघत नाही."

"ओढ."

"ओढवत नाही हो, आई. हात नाहीत माझे."

त्या गेल्या. मला वाटलं गेल्याच. आल्या त्या स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन. त्याचं पातं दार आणि चौकटीमधल्या फटीतून आत घातलं आणि कडीखाली चाचपायला लागल्या. पातं कडीला लागायचं, निसटायचं.

"किती वेळा झालं सकाळपासून?"

"दोनदा."

उलथणं थांबलं. "खरं सांग. नाहीतर मी उघडत नाही."

आणि मी सांगितलं. दाराशी बोलायला सोपं जातं, दाराला तोंड नसतं. मोजत नाही ते सांगितलं. तोंडातले फोड, अंगठा, लाँड्री. नर्सबाईंना खोटं बोलले ते. टोपीवाली मेली ते. मी म्हटलं, "सांगितलं तर गोळ्या बंद करतील, आणि बंद केल्या की मी जाणार, आणि ठकी तुमच्या गळ्यात पडणार, आणि तुम्ही तर आधीच कंटाळलात." म्हटलं, "आणि काळं होतंय, आई. केव्हापासून डांबरासारखं काळं होतंय. ते आत पसरलंय."

बाहेर काठी वाजली. शेजारचे आजोबा आले असावेत, सासूबाईंचा आवाज ऐकला, "तुम्ही खालच्या मजल्यावर जा." मग कडी खटकन वर गेली.

दार उघडलं तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. "काळं कधीपासून?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या फेरीपासून. त्यांनी डोळे मिटले. मला उठवलं, ठकीला समोरच्या वहिनींकडे दिलं, स्वतः नर्सबाईंना फोन लावला. मी कपडे बदलेपर्यंत पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं. मला वाटलं बसचे सुटे पैसे घेतायत.

दवाखान्यात थेट पलंगावर. सलाइन. डॉक्टरीणबाई आल्या, ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. रक्त घेतलं, पोट दाबून बघितलं. मग विचारायला लागल्या.

"लोहाच्या गोळ्या घेता का?"

"नाही."

"टॉनिक? पावडर? कुणी दिलेलं काही?"

"नाही हो. तुम्ही सांगितलं होतं ना, न विचारता काही नाही."

सासूबाई पायाशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक पट्टी पलंगावर ठेवली. लाल गोळ्यांची, बरीचशी रिकामी.

"मी देते," त्या म्हणाल्या. "कुटून. दुधातून."

सलाइनचा थेंब पडताना दिसत होता.

"ठकीच्या वेळच्या आहेत. तेव्हा खायला दिल्या होत्या हिला दवाखान्यातून, उरल्या. या गोळ्यांनी हिच्या गालावर रंग आला होता. मी बघितलाय. आता एवढी पांढरी पडली, विचारलं असतं तर नाही म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही." मग खालच्या आवाजात, "मी विष घातलं काय हिला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विष नाही, आजी. पण याच्यात लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. पोटुशीला ते हवंच. पण यांच्या कॅन्सरच्या गोळीला त्याने नको तेवढा जोर चढतो. गोळी अंगावर जास्त आली, त्याला हे कारण असू शकतं. आणि काळा रंग लोहाने येतो. तरी मी तपासून घेते." तपासलं. रक्त नव्हतं. पसरलेलं काही दिसलं नाही.

पसरलेलं नाही. मी हे दोनदा विचारलं. दोनदा सांगितलं त्यांनी.

मग पट्टी उलटून बघितली. "यांची तर तारीख कधीच उलटून गेलीय."

"तारीख गेली म्हणून टाकून द्यायच्या?" सासूबाई म्हणाल्या. नर्सबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

गोळ्या बंद केल्या. ऐकल्यावर मी डॉक्टरीणबाईंचा हात धरला. त्या म्हणाल्या, "थोडे दिवस. अंग सावरलं की कमी करून परत देते. बऱ्याच जणींना असं कमी करून द्यावं लागतं, त्यांची औषधं काय वाया जातात का? तुम्ही लपवून घेत राहिलात ना, ते मात्र जिवावर बेतलं असतं. आणखी थोडे दिवस, आणि मी इथे बसून काही करू शकले नसते."

पडद्यापलीकडून आवाज आला, "कोण गं ती, लाँड्रीवाली का?"

पडदा सरकला. पिवळी टोपी.

मी म्हटलं, "तुम्ही सोमवारी येत नाही."

"वार बदलला माझा. गोळी बदलली, वार बदलला. का, तुला वाटलं गेले?"

मी हात लांब करून तिच्या टोपीला लावला.

"वाटलंच असणार. मला पण त्या कोपऱ्यातल्या म्हातारीबद्दल तसंच वाटलं होतं. ती लेकीकडे गेली होती राहायला. महिनाभर सुतक पाळलं मी तिचं."

हसू आलं तर तोंडातले फोड ताणले. दुखलं. तरी हसले.

३ एप्रिल, गुरुवार

लाँड्रीत गेले, दवाखान्याचा कागद घेऊन. मुकादमाला सगळं सांगितलं. त्याने कागद खालून वर वाचला, मग वरून खाली.

"अपेंडिक्स नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी त्या यंत्राच्या माणसाला दोनदा बोलावून शिव्या घातल्या." बराच वेळ तो डोकं खाजवत राहिला. जागा ठेवतो असं म्हणाला नाही, ठेवत नाही असंही नाही. मालकाला विचारतो म्हणाला. लांबडी मागून ओरडली, "चादर मला एकटीला दुमडता येत नाही, हे पण विचारा त्यांना."

सासूबाई दवाखान्यातून आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. दूध देतात, पण आता माझ्यासमोर ओततात, पातेल्यातून थेट. पावडर नाही. पेला ठेवतात आणि निघून जातात. पत्र्याचा डबा दारात ठेवला होता काल, रिकामा. बटणंसुद्धा टाकली.

मी म्हटलं, "आई, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"न सांगता केलं," त्या म्हणाल्या. "तेच वाईट." आणि आंघोळीला गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्या नेहमी लावतात, साधे हात धुवायचे असले तरी.

७ एप्रिल, सोमवार

परत सुरू. कमी करून. नर्सबाईंना ही वही दाखवली, थोडीच, माझं माझं झाकून. मोजायला सुरुवात केलीय. पोट, फोड, ताप, सगळं. जे होईल ते त्यांना सांगणार.

दुधाला दुधाची चव आहे.

अंगठ्याला नवं कातडं येतंय. पातळ, ठकीच्या गालासारखं.

१० एप्रिल, गुरुवार

सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली. "जरा आत ये. कडी नाही लावली."

आत गेले. स्वेटर खुंटीला होता. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या काखेत नेला, मग खाली. माझ्या बोटांना हल्ली फारसं काही कळत नाही. हे कळलं.

"तुझी अशीच होती का गं?"

"कधीपासून आहे?"

"तुझ्या आधीपासून. तुझं निघालं तेव्हा घरात एक आजारी पुरे म्हटलं."

मी म्हटलं, "कपडे घाला, आई. चपला मी दारात काढून ठेवते तुमच्या, दवाखान्यात जायचंय."